टच-अप किटचा वर्षभराचा अनुभव: रंगाला पैकीच्या पैकी, गंजासाठी मात्र वेगळी सोय करावी लागली

बाबांची गाडी माझ्या ताब्यात आली तेव्हा तिच्यावर रंगाचे दोन टवके उडालेले होते. एक बॉनेटच्या पुढच्या कडेला, मुगाच्या दाण्याएवढा, मधोमध तपकिरी ठिपका. दुसरा मागच्या चाकावरच्या कमानीच्या काठाला. हा वरवर पाहता लहानच होता, पण भोवतीचा रंग फुगून आला होता आणि नखाने दाबलं की खाली पोकळ लागायचं. बाबा गाडी स्वतःच्या हाताने धुवायचे, फडकं पिळून दारांच्या खाचासुद्धा पुसून काढायचे. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना वाकता येईनासं झालं, आणि हे टवके त्याच दोन वर्षांतले. त्यामुळे ही दुरुस्ती मला माझ्याच हातांनी करायची होती.

त्यासाठी मी रंगाच्या कोडनुसार बाटली भरून देणारं टच-अप किट मागवलं. त्याला आता वर्ष होऊन गेलं. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर भरभरून कौतुक केलं असतं, आणि तीन महिन्यांनी लिहिलं असतं तर कुणी घेऊच नका म्हणाले असते. आज दोन्ही तसंच्या तसं खरं वाटत नाही. अशी किट बऱ्याच कंपन्या विकतात आणि आतला माल साधारण सारखाच असतो, म्हणून नावात न अडकता आतल्या वस्तूंबद्दल सांगते.

डब्यात निघालं ते असं: टोपणातच ब्रश असलेली रंगाची छोटी बाटली, तशीच क्लिअर कोटची, म्हणजे रंगावर लावायच्या पारदर्शक थराची बाटली, गंजावर लावायच्या कन्व्हर्टरची अंगठ्याएवढी कुपी, पॉलिश पेपरचे दोन तुकडे, एक मऊ फडकं, हातमोज्यांची एक जोडी आणि घडी घातलेलं माहितीपत्रक. प्रायमर, म्हणजे रंगाआधी पत्र्यावर लावायचा अस्तराचा थर, नाही. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

आधी रंगाबद्दल, कारण तिथे किटने अजिबात निराश केलं नाही. गाडीचा रंगाचा कोड बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, काही गाड्यांत बॉनेटखाली. रंगाचं नाव सांगून मागवू नका. ‘राखाडी मेटॅलिक’ नावाखाली एकाच कंपनीचे चार रंग निघतात, कोड मात्र एकालाच लागू होतो. आणि कोड जुळला तरी उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग थोडा उतरलेला असतो, त्यामुळे बाटली उघडून थेट गाडीला ब्रश लावायचा नाही. मी पांढऱ्या कार्डावर एक थेंब पसरला, वाळू दिला. वाळल्यावर तो इतका मंद आणि निस्तेज दिसला की चुकीची बाटली आली असं वाटून माझा धीरच सुटला. पण हा रंग वाळल्यावर असाच मॅट दिसतो, चकाकी येते ती वरच्या क्लिअर कोटमुळे. त्याच थेंबावर क्लिअर लावला आणि तासाभराने कार्ड बॉनेटवर ठेवलं. सावलीत फरक दिसेना. उन्हात तिरपं धरल्यावर किंचित गडद वाटला. मेटॅलिक रंगात हे व्हायचंच, कारण फवारलेल्या रंगात अॅल्युमिनियमचे बारीक कण आडवे निजतात आणि ब्रशने लावलेल्या रंगात ते कसेही पडतात, मग उजेड वेगळा परततो. त्यात बाटलीचा काही दोष नाही.

कण तळाशी बसतात ही दुसरी गोष्ट. बाटलीत एक पोलादी गोळी असते, तिचा खुळखुळ आवाज यायला लागल्यावरही मी दोन मिनिटं हलवत राहायचे. प्रत्येक थराआधी पुन्हा. एकदा कंटाळून नुसतंच उलटंसुलटं केलं तर तो थर आधीच्या थरापेक्षा स्पष्ट फिका आला आणि थिनरने पुसून काढावा लागला.

आता बॉनेटचा टवका. पहिल्यांदा मी शब्दन् शब्द माहितीपत्रकाप्रमाणे केलं. जागा धुतली, किटमधल्या पॉलिश पेपरने घासली, कन्व्हर्टरचा थेंब लावून १५ मिनिटं थांबले, मग रंगाचे दोन थर आणि क्लिअरचा एक. पत्रकात ‘एका दुपारचं काम’ म्हटलं होतं आणि खरोखर एका दुपारी झालं. संध्याकाळी दोन पावलं मागे येऊन पाहिलं तर टवका कुठे होता ते शोधावं लागत होतं. फोटो काढून भावाला पाठवला.

तीन महिने गेले, त्यात पाऊसही होऊन गेला. एका सकाळी गाडी धुताना त्याच ठिपक्याभोवती चहाच्या डागासारखी फिकी तपकिरी कड दिसली. पुसून जाईना. बोटाने चाचपलं तर जागा किंचित उचललेली. नखाची कड लावली आणि माझा लावलेला रंग पापुद्र्यासारखा अख्खा निघून आला. पापुद्रा उलटा करून पाहिला: वरून छान राखाडी, आणि पोटाला लालसर भुकटी चिकटलेली. तो तुकडा मी काडेपेटीत घालून ठेवला आहे.

त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि मी गंजाबद्दल नीट वाचून, विचारून घ्यायला लागले. जे कळलं ते आधी कळलं असतं तर ते तीन महिने गेले नसते.

गाडीवर आपल्याला एकच रंग दिसतो, प्रत्यक्षात ते थरांचं बांधकाम असतं. तळाला पोलादी पत्रा, बऱ्याच गाड्यांत त्यावर जस्ताचा मुलामा. मग अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला ई-कोट, साधारण २० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर प्रायमर, मग रंग, मग क्लिअर. सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवले तर होईल तेवढी जाडी. यातला जो थर आपल्याला रंग म्हणून दिसतो तो बहुतेक वेळा २० मायक्रॉनसुद्धा नसतो, आणि पाणी अडवण्याचं काम मुख्यतः त्याच्या खालच्या थरांकडे असतं. दगड लागून टवका उडतो तेव्हा हे खालचे थरही उडून जातात. किट परत देतं ते फक्त वरचे दोन.

दुसरी गोष्ट, गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. त्यामुळे तो रंगाच्या कडेखाली शिरला की रंगाला खालून ढकलत पुढे सरकतो. फुगवटा येतो तो यामुळे. वरून दिसणारा ठिपका लहान आणि खालचा पसारा मोठा, असं जवळपास नेहमीच असतं. आणि त्या पसाऱ्याचा कणभर अंश जरी राहिला, त्यात ओल आणि क्षार अडकले, की वर कितीही चांगला रंग लावा, खालून काम चालूच राहतं. माझ्या ठिपक्याचं हेच झालं होतं.

कन्व्हर्टरबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण किटमधली सगळ्यात भरवशाची वाटणारी आणि सगळ्यात चुकीची समजली जाणारी वस्तू तीच. माझ्या कुपीतला द्रव दुधासारखा पांढरा होता, त्यात टॅनिक आम्ल होतं. ते गंजाशी संयोग पावून निळसर काळं, स्थिर असं लोहाचं टॅनेट तयार करतं, आणि द्रवातलं पॉलिमर त्यावर पातळसं आवरण धरतं. फॉस्फोरिक आम्लाचे कन्व्हर्टरही मिळतात, ते लोहाचं फॉस्फेट करतात. दोन्हींत एक अट सारखी: ते जितक्या गंजापर्यंत पोचतील तितकाच बदलतील. जाड, सुटा, पोपडे धरलेला गंज असेल तर वरची कातडी काळी होते, आत लाल तसाच राहतो, आणि आपण समाधानाने वर रंग लावतो. उलट चकचकीत स्वच्छ पत्र्यावर टॅनिकच्या कन्व्हर्टरला धरायला काही नसतंच. म्हणजे आधी यांत्रिक रीतीने, घासून खरवडून, शक्य तेवढा सगळा गंज काढायचा आणि खड्ड्यांच्या तळाशी जे राहील तेवढ्यासाठीच कन्व्हर्टर. आणि १५ मिनिटं ही निव्वळ काळं पडण्याची वेळ झाली. पूर्ण वाळायला माझ्या कुपीवरच बारीक अक्षरांत २४ तास लिहिलेले होते. कुपीवर एक आणि माहितीपत्रकात दुसरंच, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते. ‘एका दुपारचं काम’ हे विकायला सोपं वाक्य आहे, पण त्या वाक्यापायी माझ्यासारखी कित्येक माणसं ओल्या कन्व्हर्टरवर रंग लावत असणार.

दुसऱ्या वेळी मी चार दिवस घेतले.

पहिल्या दिवशी फक्त सफाई. साबणाने धुणं, मग जुनं मेण निघावं म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. टवका लहान असेल तर पॉलिश पेपर हे चुकीचं हत्यार आहे, बोटाखालच्या पेपरने भोवतीचा चांगला रंगच जास्त घासला जातो. त्यासाठी मी फायबरग्लासचं पेन आणलं. पेनाच्या टोकाला काचेच्या तंतूंचा जुडगा असतो, पेन्सिलीसारखं धरून ठिपक्याच्या आतच फिरवायचं. त्याचे तंतू तुटून उडतात आणि कातडीत शिरले की दोन दिवस टोचतात, म्हणून हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, आणि जागा ओली ठेवून काम. उडालेले तंतू ओल्या कागदाने टिपून घ्यायचे, झटकायचे नाहीत.

घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग लावून मी ती जागा बघत होते. आधी सगळं लाल. मग मधे चंदेरी पत्रा उघडा पडायला लागला, आणि मला वाटलं झालं. पण भिंगातून त्या चंदेरी भागात सुईच्या टोचणीएवढे पाच काळे बिंदू दिसत होते. साध्या डोळ्यांना ते दिसतच नाहीत. ते गंजाने खाल्लेले खड्डे, आणि काळं म्हणजे त्यांच्या तळाशी बसलेला घट्ट गंज. पहिल्या वेळी हेच पाच बिंदू मी झाकून टाकले असणार. पेनाचं टोक उभं धरून एकेकावर फिरवत राहिले. तीन गेले, दोन उरले. मग टूथपिकच्या टोकाने कन्व्हर्टरचा अगदी बारीक थेंब त्या दोघांवर सोडला. पांढरा थेंब आधी राखट झाला, मग कडेकडेने जांभळट, आणि वीसेक मिनिटांत शाईसारखा निळा-काळा. आजूबाजूच्या स्वच्छ पत्र्यावर पसरलेला भाग काळा झाला नाही, तो मी लगेच ओल्या फडक्याने पुसून घेतला. रासायनिक क्रिया डोळ्यांसमोर घडताना पाहायची ही संधी सोडू नका. त्या काळ्या रंगावरूनच खात्री पटते की द्रव योग्य जागी पोचला आहे.

अजून एक महत्त्वाची गोष्ट याच टप्प्यातली. टवक्याच्या कडेचा रंग जिथे पत्र्यापासून सुटलेला असतो, तो काढून टाकायला मन धजत नाही, कारण टवका मोठा होतो. काढायचाच. मी टूथपिक आडवी धरून कडेकडेने हलकेच उचकटून पाहिलं, जिथे रंग उचलला गेला तिथपर्यंत तो काढला, आणि जिथे घट्ट बसलेला लागला तिथे थांबले. मुगाच्या दाण्याचा वाटाणा झाला. पण कडा घट्ट होत्या.

दुसरा दिवस प्रायमरचा. हा वेगळा आणावा लागला. उघड्या पत्र्यावर पाणी अडवण्यासाठी इपॉक्सी प्रायमर सगळ्यात चांगला, आणि तो दोन भागांत येतो, रंग आणि हार्डनर. मी सुई नसलेल्या दोन सिरिंजांनी मोजून अगदी थेंब थेंब मिसळला, कारण प्रमाण अंदाजाने घेतलं तर तो नीट कडक होत नाही. आपल्या कन्व्हर्टरवर कुठला प्रायमर चालतो ते कुपीवर वाचून घ्या. माझ्या कुपीवर तेलाधारित किंवा इपॉक्सी, असं स्पष्ट होतं. कन्व्हर्टरचे २४ तास भरले, पण मधल्या वेळात उघड्या पत्र्यावर पुन्हा लाली येऊ नये ही काळजी होती. दमट हवेत घासलेला पत्रा काही तासांतच लालसर होतो. म्हणून कोरडी हवा बघूनच काम काढलं, गाडी आत उभी केली, आणि प्रायमर लावायच्या आधी भोवतीच्या पत्र्यावरून पेन पुन्हा एकदा हलकेच फिरवून अल्कोहोलने पुसलं. ओल्या दिवसात, दव पडताना, किंवा तापलेल्या बॉनेटवर यातलं काही करू नये.

प्रायमर टूथपिकनेच लावला. खड्ड्याच्या मधोमध थेंब सोडायचा आणि तो आपल्या अंगाने कडेपर्यंत सरकू द्यायचा. दोन पातळ थर. रात्रभर ठेवला, सकाळी ८०० नंबरच्या पेपरच्या कपटीने हलकासा खरखरीत केला, म्हणजे रंगाला पकड मिळते.

तिसऱ्या दिवशी रंग. इथे किटमधल्या ब्रशबद्दल तक्रार आहे: टोपणातला ब्रश नखाला रंग लावायच्या ब्रशएवढा जाड असतो, त्याने टवका सोडून दीड इंचाचा फराटा उठतो. चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश किंवा टूथपिक घ्या. थर जाड लावायचा मोह आवरायचा. जाड थर वरून सुकतो, आत थिनर अडकतो, आणि मग तो आक्रसून मधे बसतो. मी चार थर लावले, प्रत्येकात तासाभराचं अंतर ठेवलं. प्रत्येक थर वाळताना खाली जातो, त्यामुळे रंग अजून भोवतीच्या पातळीच्या किंचित खालीच राहिला. तेच हवं, वरची जागा क्लिअरसाठी.

चौथ्या दिवशी क्लिअरचे तीन थर, शेवटचा भोवतीच्या पातळीपेक्षा केसभर उंच. मग काहीही न करता बाजूला व्हायचं. ही वाट पाहणं मला सगळ्यात जड गेलं, पण आठवडाभर तरी हात लावायचा नाही. त्यानंतर २००० नंबरचा वॉटर पेपर पेन्सिलीमागच्या खोडरबराला गुंडाळला, साबणाचं पाणी सोडत उंचवटा तेवढाच घासला, मग ३००० नंबर, मग पॉलिश. भोवतीचा मूळ क्लिअर ४०-५० मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे पाच-सहा फेऱ्या झाल्या की पुसून बघायचं. नव्या जागेवर मेण मात्र महिनाभर लावलं नाही.

याला आता नऊ महिने झाले. कड आलेली नाही, फुगवटा नाही. उन्हात, तिरपं पाहिलं तर वाटाण्याएवढा किंचित गडद ठिपका मला दिसतो, कारण मला जागा माहीत आहे. माझ्या भावाला दाखवल्याशिवाय दिसला नाही.

कमानीच्या टवक्याची गोष्ट वेगळी. फुगलेला रंग खरवडला तर वरून नखाएवढा दिसणारा गंज खाली तिप्पट पसरलेला निघाला. तिथे पेन पुरं पडणार नव्हतं. हात घालण्याआधी मी बाबांच्या ओळखीच्या पेंटरकाकांना गाडी दाखवली. त्यांनी वरून एक नजर टाकली आणि विचारलं, “आतून बघितलंस का गं?” मी बघितलं नव्हतं. त्यांनी चाकाआतलं प्लॅस्टिकचं अस्तर बाजूला करून बॅटरी मारली, बोटाने चाचपलं, मग स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून आवाज ऐकला. पत्रा घट्ट होता, आतून रंग शाबूत होता, पण दुमडलेल्या काठात ओला चिखल साठून राहिला होता. म्हणाले, “गंज बाहेरून आत गेला असेल तर तू करू शकतेस. आतून बाहेर आला असेल तर बाहेरून काहीही लाव, उपयोग नाही.” हे एक वाक्य सगळ्या किटच्या डब्यांवर छापायला हवं. चाकाची कमान, दाराची खालची कड, दाराखालचा उंबरठा, या सगळ्या दुमडलेल्या जागा. तिथे फुगवटा दिसला की आधी आतली बाजू पाहा, आणि दाराच्या तळाची पाणी निचरायची भोकं मोकळी आहेत ना तेही.

तिथे मी २४० नंबरच्या पेपरने गंज काढला, ४०० ने रंगाची कड उतरती केली, म्हणजे बोट फिरवलं तर पायरी लागू नये. फार खोल घासायचं नाही, कारण पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर आपण तोही घासून टाकतो, आणि ते जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवत असतं. खड्ड्यांत कन्व्हर्टर, मग इपॉक्सीचे दोन थर, मग रंग आणि क्लिअर. काठाच्या आतल्या बाजूला चिखल धुऊन, दोन दिवस वाळवून मेणासारखा गंजरोधक फवारा मारला. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरायची मला फार इच्छा होती, कारण खड्डे दिसत होते. पेंटरकाकांनी उघड्या पत्र्यावर लांबी भरू दिली नाही. लांबी पाणी शोषते, आणि गंजावर भरली तर गंजाला ओल पुरवत बसते. भरायचीच तर इपॉक्सीच्या वर, आणि तीही कमीत कमी.

दिसायला ही जागा बॉनेटइतकी चांगली झालेली नाही. इतक्या मोठ्या भागावर ब्रशचा रंग लपत नाही, जवळून पाहिलं तर फटकारे दिसतात. बाटलीतला रंग एवढ्या क्षेत्रासाठी नाहीच, आणि किटच्या जाहिरातीत दाखवलेला तळहाताएवढा ओरखडा या बाटलीने जाहिरातीसारखा गुळगुळीत होईल असं मला अजिबात वाटत नाही. पण गंज थांबला आहे, आणि या जागेकडून मला तेवढंच हवं होतं.

किटमधल्या बाकी वस्तूंबद्दल थोडक्यात. क्लिअर चांगला आहे, वर्षभरात पिवळा पडला नाही. पॉलिश पेपरचे दोन तुकडे कुठल्या नंबरचे ते मागे लिहिलेलंच नाही, त्यामुळे ते मी लाकडाच्या कामाला ठेवून दिले. हातमोजे पातळ, थिनर लागल्यावर चिकटले. बाटली बंद करण्याआधी गळ्याचा रंग पुसून घ्या, नाहीतर टोपण असं घट्ट बसतं की पक्कड लावावी लागते.

नखाला लावायचं पॉलिश वापरून बघ, असं मला दोघींनी सुचवलं होतं. त्याचा पाया नायट्रोसेल्युलोजचा असतो, ऊन सोसायला तो बनवलेलाच नाही. वर्षानुवर्षं बाहेर उभ्या राहणाऱ्या पत्र्यावर तो पिवळा पडतो आणि तडकतो. व्हिनेगरने गंज निघतो हे खरं, पण त्याचा अंश राहिला तर पत्रा पुन्हा लवकर लाल होतो, आणि टवक्याच्या कडेखाली शिरलेलं व्हिनेगर धुऊन काढणं अवघड. मी त्या वाटेला गेले नाही.

हे किट घ्यावं का? टवका ताजा असेल, तळाशी राखाडी किंवा पांढरट प्रायमर दिसत असेल, लाल काहीच नसेल, तर डोळे झाकून घ्या. जेवढं आहे तेवढं पुरेल. बंपर प्लॅस्टिकचा असेल तर तिथे गंजाचा प्रश्नच नाही. काही गाड्यांचं बॉनेट अॅल्युमिनियमचं असतं, लोहचुंबक चिकटत नाही, तिथे लाल गंजाऐवजी पांढरी भुकटी दिसते आणि हा कन्व्हर्टर निरुपयोगी. लाल ठिपका दिसत असेल तर किट घ्याच, पण सोबत फायबरग्लास पेन, भिंग, इपॉक्सी प्रायमर आणि चार कोरडे दिवस यांची सोय करून मगच डबा उघडा. पत्र्याला भोक पडलं असेल, स्क्रूड्रायव्हरचं टोक आत जात असेल, किंवा उंबरठ्यासारख्या गाडीचा भार पेलणाऱ्या भागात गंज असेल, तर हे घरचं काम नव्हे. तिथे पत्रा कापून वेल्डिंग करणारा माणूसच हवा.

विक्रेत्याला मी प्रायमरबद्दल आणि त्या १५ मिनिटांबद्दल सविस्तर लिहिलं होतं, काडेपेटीतल्या पापुद्र्याचा फोटोही जोडला होता. उत्तर आलं की पुढच्या वेळी पृष्ठभाग नीट स्वच्छ करावा. माहितीपत्रक अजून तेच आहे.

रंगाची बाटली निम्मी उरली आहे, घट्ट बंद करून अंधारात उभी ठेवली आहे. काल गाडी धुताना ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला एक नवा टवका दिसला, तिळाएवढा. भिंग लावून पाहिलं, तळाशी राखाडी आहे, लाल अजून काही नाही. आज रात्री हवा कोरडी राहिली तर उद्या सकाळीच बसते.